पाणी बाजूने पाहताना

माणसाने हजारो वर्षं मासा दोनच प्रकारे पाहिला. एक तर काठावर उभं राहून वरून, म्हणजे चकाकणाऱ्या पाण्याखाली हलणारी काळपट पाठ तेवढी दिसायची. नाहीतर जाळ्यातून बाहेर काढल्यावर, म्हणजे त्याचं मासा म्हणून जगणं थांबल्यावर. जिवंत मासा त्याच्याच पाण्यात, त्याच्याच पातळीवरून, निवांत बघता येणं ही जेमतेम दोनशे वर्षांची गोष्ट आहे. बैठकीच्या खोलीतली दोन फुटी टाकी आता इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामुळे आपल्याला काय दिसू लागलं हे लक्षातच येत नाही. मासे पाळायचे ते शोभेसाठी, असं सगळे म्हणतात. माझ्या मते शोभा पहिल्या पंधरवड्यापुरती. त्यानंतर माणूस टाकीसमोर खुर्ची ओढून बसतो, तो त्या पाण्यात काय चाललं आहे ते कळू लागल्यामुळे.

वरून पाहण्याच्या काळाची खूण आजही आपल्या टाक्यांमध्ये पोहते आहे, ती म्हणजे गोल्डफिश. चीनमध्ये सुंग राजवटीत, सुमारे हजार वर्षांपूर्वी, करड्या रंगाच्या एका साध्या कार्प माशातून मध्येच निपजणारी सोनेरी-तांबडी पिल्लं वेगळी काढून तळ्यांत वाढवली जाऊ लागली. पुढे ती मातीच्या आणि चिनीमातीच्या मोठ्या कुंड्यांत आली. कुंडीत मासा वरूनच दिसणार. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जे निवडलं गेलं ते वरून देखणं दिसणारं: रुंद अंग, दोन्ही बाजूंना पसरणारी दुहेरी शेपटी, डोक्याच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेले डोळे. जपानमध्ये रांचू जातीच्या गोल्डफिशच्या स्पर्धांत आजही मासा उथळ पसरट भांड्यात सोडतात आणि परीक्षक त्याला वरून पाहून गुण देतात. म्हणजे काचेतून आपण ज्याचं कौतुक करतो, तो मासा काचेसाठी घडलेलाच नव्हता.

काच आली ती एका प्रश्नामुळे. झान विल्प्रो-पॉवर ही फ्रान्समधल्या एका खेड्यातली मुलगी पॅरिसला जाऊन शिवणकाम आणि भरतकाम शिकली, लग्नानंतर सिसिली बेटावरच्या मेसीना बंदरात राहायला गेली आणि तिथल्या समुद्राच्या प्रेमात पडली. अर्गोनॉट नावाचा एक लहानसा अष्टपाद तिथे मिळतो. त्याच्या मादीभोवती कागदासारखं पातळ, पांढरं, वळणदार कवच असतं. हे कवच ती स्वतः घडवते, की संन्यासी खेकडा जसा मेलेल्या गोगलगायीच्या शंखात शिरतो तशी दुसऱ्या कुणाचं बळकावते? ॲरिस्टॉटलच्या काळापासून हा वाद होता, आणि मेलेले नमुने कितीही उलटेपालटे करून तो सुटणार नव्हता. झानने १८३२ साली काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत समुद्राचं पाणी भरलं आणि जिवंत अर्गोनॉट सोडले. मग त्यांच्या कवचाचा तुकडा मोडून ती बघत बसली. मादीने दोन बाहूंच्या टोकांना असलेल्या पडद्यासारख्या भागांतून द्रव्य पाझरवून मोडका भाग सांधला. हजारो वर्षांच्या वादाचा निकाल लागला तो एका बाईने काचेसमोर धीर धरून बसण्यामुळे. मासे पाळण्याच्या छंदाची खरी मुहूर्तमेढ मी इथे मानतो.

पुढचा इतिहास भराभर घडला. १८५० साली इंग्लंडमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच भांड्यात एकमेकांच्या आधाराने कशा टिकतात ते मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि शाळेच्या सहलीतून कितीतरी पिढ्यांनी मासा पहिल्यांदा बाजूने पाहिला तो तिथेच.

बाजूने पाहिल्यावर काय काय दिसतं? निऑन टेट्रापासून सुरुवात करू. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, अंगावर डोळ्यापासून मागे जाणारी झगझगीत निळी रेघ आणि तिच्याखाली लाल. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, झाडपाल्याने चहासारख्या झालेल्या पाण्यातला. त्याच्या लालात लाल रंगद्रव्य आहे, पण निळ्यात निळा रंग असा नाहीच. त्या रेघेतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ पारदर्शक चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि ठरावीक लांबीच्या लहरीच ठळक होऊन आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात. खिडकीच्या झडपा फिरवाव्यात तशा या चकत्या कलतात, त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि रंग बदलतो. रात्री बराच वेळ अंधार झाल्यावर एकदम दिवा लावून बघा. निऑन फिकट, जांभळट, जवळजवळ ओळखू न येणारे दिसतात. काही मिनिटं तसेच बसून राहिलात तर तुमच्यादेखत एकेकाची रेघ उजळत जाते. ग्वानिन म्हणजे आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. बाजारातल्या ताज्या बांगड्याच्या पोटाची चांदी हीसुद्धा ग्वानिनच्या स्फटिकांचीच.

काचेवर टिचकी मारून मासा आपल्याकडे बघतो का ते पाहण्याची सवय लहान-मोठ्या सगळ्यांना असते. गोल्डफिश, टेट्रा, झेब्रा या माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते. पाण्यातला कंप पिशवी पकडते आणि हाडं तो कानाला देतात. त्यांचं ऐकणं तिखट आहे. टिचकी मारू नये, एवढंच इथे पुरे.

आता फायटर. दुकानात प्लास्टिकच्या एवढ्याशा डब्यांत एकेकटे ठेवलेले हे झुपकेदार मासे सगळ्यांनी पाहिलेले असतात. मूळचा हा थायलंड आणि आसपासच्या प्रदेशातल्या भातखाचरांतला, उथळ दलदलीतला मासा. त्याच्या जनुकांच्या अभ्यासावरून माणूस त्याला किमान हजार वर्षं पाळतो आहे असं २०२२ साली दिसून आलं. भातखाचराचं पाणी उन्हाने तापलं की त्यात प्राणवायू फारसा उरत नाही. फायटरच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात घड्या पडलेलं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं एक इंद्रिय असतं आणि त्याने तो थेट हवा घेतो. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडण्याची वाट बंद केली तर हा मासा अशा कमी प्राणवायूच्या पाण्यात गुदमरून मरतो. आपली मरळ याच विस्तारित कुळातली. बाजारात टोपलीत ती इतका वेळ तग धरते, ती अशाच हवा घेणाऱ्या पोकळीच्या जोरावर. फायटर डब्यात जगू शकतो याचा अर्थ त्याने डब्यात जगावं असा मात्र नाही. त्याला चांगली पंधरा-वीस लिटरची टाकी, तरंगतं एखादं पान आणि संथ पाणी द्या, आणि मग बघा.

नर त्या पानाखाली जागा धरतो. वर जाऊन हवेचा घोट घेतो, तोंडातल्या चिकट स्रावात घोळवून एक बुडबुडा सोडतो. तो पानाला चिकटतो. मग दुसरा, तिसरा. हळूहळू पांढऱ्या फेसाची एक जाड चटई तयार होते. मादी तयार असली की त्या फेसाखाली नर तिच्याभोवती आपलं अंग कमानीसारखं वळवून तिला मिठीत घेतो. दोघंही क्षणभर निश्चल होतात आणि खसखशीएवढी पांढरी अंडी खाली झरू लागतात. ही अंडी तरंगत नाहीत, बुडतात. नर मिठी सोडून खाली झेपावतो, एकेक अंडं तोंडात टिपतो, वर येतो आणि फेसात नेमकं ठेवतो. असं पुन्हा पुन्हा, तासन्‌तास. अंडी संपली की तो मादीला हुसकावून लावतो आणि एकटाच राखणीला राहतो. दीड-दोन दिवसांत अंडी फुटून पिल्लं निघतात, दोऱ्याच्या तुकड्यांसारखी, शेपटी खाली करून फेसाला लटकलेली. एखादं निसटून तळाकडे जातं. बाप ते तोंडात घेऊन वर आणतो आणि जागच्या जागी परत ठेवतो. पिल्लं स्वतः पोहू लागेपर्यंत हेच चालतं. ज्याला आपण फक्त भांडखोर म्हणून ओळखतो त्याची ही दुसरी बाजू भातखाचराच्या गढूळ पाण्यात कुणाला दिसली असती?

पण टाकीतलं सगळ्यांत मोठं नवल दिसतच नाही, आणि नव्या माणसाचे मासे मरतात ते त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच. मासा खातो त्यातल्या प्रथिनांतून अमोनिया तयार होतो आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. नदीत तो वाहून जातो, विरतो. टाकीत तो साठतो, आणि अमोनिया माशाला जाळतो. नवी कोरी टाकी, स्वच्छ चकचकीत पाणी, आठवडाभरात एकामागून एक मासे उलटे, ही कहाणी घरोघर घडते. पाणी दिसायला स्वच्छ असतं म्हणून कुणाला संशयही येत नाही.

जुन्या टाकीत असं होत नाही, कारण तिच्या वाळूवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजच्या प्रत्येक छिद्रात सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर बसलेला असतो. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही घातकच, ते माशाच्या रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची ताकद हिरावतं, रक्त तपकिरी होतं आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. मग दुसरे सूक्ष्मजीव नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी असतं. थोडं वनस्पती खातात, उरलेलं दर आठवड्याला चतुर्थांश पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत ही मंडळी पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जाणकार हौशी म्हणतात, टाकी सायकल होऊ दे, मग मासे आण. त्याचा अर्थ एवढाच.

ही अमोनियाची गोष्ट मला थक्क करते ती तिच्या पुढच्या भागामुळे. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवून दिलं होतं की हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या प्रकारचे जीवाणू करतात. शंभरावर वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं. मग २००५ साली अमेरिकेतल्या सिॲटल शहराच्या मत्स्यालयात, उष्ण कटिबंधातल्या समुद्री माशांच्या एका टाकीतल्या वाळूखड्यांतून संशोधकांनी एक जीव वेगळा काढला. तो अमोनियावर जगत होता, पण जीवाणू नव्हताच. तो आर्किया या अगदी वेगळ्या गटातला निघाला. त्याचं नाव नायट्रोसोपुमिलस मॅरिटिमस. त्याचे भाऊबंद जगभरच्या महासागरांत अफाट संख्येने आहेत, पृथ्वीवरच्या नायट्रोजनच्या फेऱ्यातला मोठा वाटा ते उचलतात. पण ते जगतात कशावर याचा उलगडा झाला तो माशांच्या टाकीच्या तळाशी. पुढे २०१५ साली दुसरा धक्का बसला. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करणारे जीवाणू सापडले. नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठातल्या संशोधकांना ते मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीच्या थरातून मिळाले. नंतरच्या तपासणीत हे जीवाणू साध्या शोभेच्या टाक्यांच्या फिल्टरमध्येही मुबलक असल्याचं दिसून आलं. विज्ञानाला शंभर वर्षं ज्याचा पत्ता नव्हता ते हौशी लोकांच्या हॉलमध्ये, हिरवट स्पंजात, रोज काम करत होतं.

म्हणूनच फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळणारा माणूस बघितला की माझा जीव कळवळतो. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवतं, तेच इथे टाकीचा प्राण घेतं. पाणी बदलताना जे जुनं पाणी बादलीत काढतो, त्यातच स्पंज हलका खळबळून परत लावायचा. नवं पाणी घालण्याआधी त्यात अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचे. एवढंच केलं तर निम्म्याहून जास्त मासे वाचतील अशी माझी खात्री आहे.

गोल बाऊलबद्दल माझं मत ठाम आहे: त्यात मासा ठेवूच नये. पाणी थोडं, फिल्टरला जागा नाही, म्हणजे त्या सूक्ष्मजीवांना घरच नाही. गोल्डफिश तर वितीएवढा वाढणारा, दहा-वीस वर्षं सहज जगणारा मासा आहे. इंग्लंडमधल्या टिश नावाच्या गोल्डफिशने त्रेचाळीस वर्षं गाठल्याची गिनीज बुकात नोंद आहे. वाढदिवसाला बाऊलसकट दिलेला मासा महिनाभरात जातो तेव्हा तो नाजूक होता म्हणून जात नाही.

आपल्या भागातल्या माशांकडे मात्र हौशींचं लक्ष उशिरा गेलं. गप्पी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, कारण गप्पी पाळून हिवताप टाळा असं सांगणाऱ्या आरोग्य खात्याच्या सूचना गावोगाव भिंतींवर रंगवलेल्या असतात. पण गप्पी दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदादकडचा पाहुणा. जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात त्रिनिदादमध्ये शिकारी माशांच्या सहवासातले गप्पी उचलून शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले, आणि दोन वर्षांच्या आत तिथले नर अधिक ठिपक्यांचे, अधिक भडक झाले. डार्विनची निवड हजारो वर्षांत नव्हे, दोन वर्षांत डोळ्यांनी दिसली.

आपला म्हणावा असा मासा झेब्रा. निळ्या-रुपेरी आडव्या रेघांचा हा चुळबुळ्या मासा भारतीय उपखंडाच्या ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या १८२२च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. पुढे अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातले जॉर्ज स्ट्रायसिंगर, जे स्वतः मासे पाळायचे, त्यांना प्रयोगासाठी प्राणी हवा होता आणि त्यांनी हा दुकानात सहज मिळणारा मासा निवडला. त्याचं अंडं आईच्या अंगाबाहेर वाढतं आणि त्यातला गर्भ पारदर्शक असतो; दिवसभरात त्याचं हृदय ठोके देताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. मोठ्या माशाच्या हृदयाचा पाचवा भाग कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा वाढतो, हे २००२ साली सिद्ध झालं. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं या माशात आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आज त्याच्यावर काम चालतं.

आणि सह्याद्रीतले मासे? तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर राहिलेले बी. एफ. छापगर यांनी एस. आर. साने यांच्यासह १९९२ साली गोव्यातल्या एका छोट्या माशाची विज्ञानाला ओळख करून दिली; आज त्याला पेथिया सेतनाई म्हणतात. केरळच्या आणि दक्षिण कर्नाटकच्या नद्यांतला, काळ्या पट्ट्यावर अर्धी लाल रेघ असलेला देखणा मासा दुकानांत 'मिस केरळ' नावाने विकला जातो. १९९०च्या दशकात त्याला परदेशी बाजार मिळाला, नद्यांतून तो बेसुमार पकडला गेला आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. २०१३ साली भारतीय संशोधकांनी, त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते, त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती मांडली आणि तिला नाव दिलं सह्याद्रिया. छंदाने एखादा मासा जगाला दाखवता येतो आणि तोच छंद त्याची नदी रिकामीही करू शकतो. म्हणून विकत घेताना दुकानदाराला विचारा, हा मासा पैदास केलेला आहे की नदीतून पकडलेला. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

तितकीच महत्त्वाची गोष्ट उलट दिशेची. टाकीची काच साफ ठेवतो म्हणून घेतलेला सकर मासा पुढे फूटभर होतो, टाकीत मावत नाही, आणि दया म्हणून लोक त्याला नदीत सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती मासा आता भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे. तो स्थानिक माशांचं अन्न खातो, काठांना बिळं पाडतो, मच्छीमारांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. गावी जायचं आहे, घर बदलायचं आहे, मुलांचा उत्साह संपला आहे, कारण काहीही असो: नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्या, ओळखीच्या हौशी माणसाला द्या, पण नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नका.